चार इसेन्सचा सेट वापरला, तीन ठीक आहेत, बटरवाला मात्र जपून

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन. नुसत्या चवीला साडेचार दिले असते, बाकीचे कापले ते लेबल आणि कस्टमर केअरमुळे. रिव्ह्यू लांबलाय, माहितीये, पण घ्यायच्या आधी मी जे जे वाचलं त्यात एक तर "काय सुगंध आहे" नाहीतर "केमिकल आहे, विष आहे, घेऊ नका" एवढंच होतं, आणि मला जे हवं होतं ते या दोघांच्या मधलं कुणीच लिहिलेलं नव्हतं.

सेटमध्ये चार बाटल्या येतात, प्रत्येकी ३० मिली, बटर, व्हॅनिला, बनाना आणि आल्मंड. बाटल्या तपकिरी काचेच्या आहेत, चांगलं आहे, उजेडाने वास उतरत नाही. झाकणाला ड्रॉपर नाहीये, नुसतं भोक, कलंडवली की भसकन येतं. हे तेव्हा किरकोळ वाटलं होतं. वास चौघांचाही एकदम दमदार, बटरवाला तर झाकण उघडताच सगळ्या घरात.

केक केला, अप्रतिम झाला, बिस्किटं केली, ती पण. मग एका रविवारी पॉपकॉर्न करताना डोक्यात आलं की लोण्याऐवजी हेच टाकू की, आणि गरम तेलाच्या पातेल्यात थेट ओतलं. चुर्र झालं, एक पांढरा भपका वर आला आणि मी नेमकी पातेल्यावर वाकलेली. घसा चरचरला, डोळ्यांतून पाणी, पाचेक मिनिटं खोकत होते. नवरा हॉलमधून ओरडला, "अगं काय जाळतेस?" जळलं काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी ठणठणीत होते म्हणजे घाबरवायचं म्हणून सांगत नाहीये, पण केमिस्ट्रीत बीएस्सी केलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं असं वाटून स्वतःचाच राग आला आणि मग बसले शोधायला.

लोण्याचा जो ओळखीचा वास असतो ना, त्यातला मोठा वाटा डायअसेटिल नावाच्या एका छोट्याशा रेणूचा असतो. खऱ्या लोण्यात तो असतोच, दुधातले जिवाणू बनवतात, बिअर आणि वाइन आंबवतानाही तयार होतो. म्हणजे माणूस पिढ्यान् पिढ्या तो खातोय, अमेरिकेत खाण्यासाठी तो ग्रास यादीत आहे, म्हणजे सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेला. इथपर्यंत सगळं छान. पण याचा उत्कलनबिंदू आहे ८८ अंश सेल्सियस, पाण्यापेक्षाही कमी. गरम तेलात पडला की तो तेलात थांबतच नाही, हवेत जातो, आणि आपण नाक घेऊन वरच उभे.

आणि हे हवेत जाणं किती महागात पडू शकतं याची एक खरी गोष्ट आहे. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात जास्पर नावाच्या गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले आठ माजी कामगार फुप्फुसाच्या एका दुर्मिळ आजाराने आजारी असल्याचं आरोग्य खात्याला कळवलं गेलं. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटेरन्स, म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिकांना व्रण पडून त्या अरुंद होतात नाहीतर बुजतात, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. नायोश, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा बघणारी त्यांची सरकारी संशोधन संस्था, तिने जाऊन तपासणी केली. तेल गरम करून त्यात बटर फ्लेवर मिसळायच्या टाक्या होत्या, तिथे मिक्सिंग करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास. २००२ मध्ये हे मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि आजाराला नावच पडलं, पॉपकॉर्न लंग. ते कामगार फ्लेवर पीत नव्हते हो, रोज आठ आठ तास त्याची वाफ श्वासात घेत होते. तोच पदार्थ, पोटात गेला तर जवळपास काहीच नाही, छातीत गेला तर हे.

आता माझ्या बाटलीवर मोठ्या हिरव्या अक्षरात लिहिलंय "डायअसेटिल फ्री". मग म्हटलं सुटलो, घसा चरचरला तो नुसत्या तेलाच्या धुराने असेल. पण लोण्यासारखा वास तर येतोय, मग तो कशाचा? त्या प्रकरणानंतर बऱ्याच कंपन्यांनी डायअसेटिल काढलं आणि त्याच्या जागी त्याचाच सख्खा भाऊ घातला, २,३-पेंटेनडायोन, दुसरं नाव असेटिल प्रोपियोनिल. एक कार्बन जास्त, बाकी ठेवण तीच, शेजारी शेजारी दोन कीटोन गट, म्हणजे ऑक्सिजन जोडलेले दोन कार्बन, आणि श्वासनलिकेच्या अस्तराला जे त्रास देतं ते नेमकं हे जोडपंच. उंदरांवर बघितलं तेव्हा यानेही श्वासनलिकांचं तसंच नुकसान केलं. २०१६ मध्ये नायोशने दोघांसाठी हवेतल्या मर्यादा सुचवल्या, आठ तासांच्या पाळीला डायअसेटिल ५ पीपीबी आणि पेंटेनडायोन ९.३ पीपीबी. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. आकडा मोठा दिसतो म्हणून पेंटेनडायोन बरं असं समजू नका, तो मोठा ठेवलाय कारण त्याहून कमी मोजायला उपकरणं पुरेशी खात्रीची नव्हती. म्हणजे "फ्री" लिहून एक पाहुणा गेला आणि त्याच्या खोलीत त्याचा भाऊ राहायला आला, असा प्रकार.

मग मी कंपनीला मेल केला. नाव लिहीत नाही, हा सेट वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि मला भांडण करायचं नाहीये. साधा प्रश्न होता, बटर फ्लेवरमध्ये डायअसेटिलऐवजी काय वापरता, आणि सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे घटक आणि धोके सांगणारा कागद, तो पाठवा. उत्तर आलं, "डिअर सर, आमचं प्रॉडक्ट १०० टक्के फूड ग्रेड आणि सेफ आहे." मी सर नाही आणि मी फूड ग्रेडबद्दल विचारलंच नव्हतं. परत मेल केला, बारा दिवस काही नाही, तिसऱ्या मेलनंतर डेटा शीट आली. तिथे यांना एक मार्क देते, कारण पाठवली तरी.

ही शीट वाचायला शिका, खरंच, लेबलपेक्षा शंभरपट कामाची. सोळा विभाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. तिसऱ्या विभागात घटक, आठव्यात श्वासातून किती चालेल आणि काय काळजी घ्यायची, नवव्यात उत्कलनबिंदू वगैरे, अकराव्यात विषारीपणाची माहिती. घटकांची नावं दहा प्रकारे लिहितात म्हणून नावाने शोधू नका, कॅस नंबरने शोधा, तो प्रत्येक रसायनाचा एकच असतो. डायअसेटिल ४३१-०३-८, पेंटेनडायोन ६००-१४-६. माझ्या शीटमध्ये तिसऱ्या विभागात बऱ्याच ओळींवर "व्यावसायिक गुपित" असं होतं, पण एका ओळीत ६००-१४-६ बसलेला, प्रमाण "१ टक्क्यापेक्षा कमी". आणि आठव्या विभागात स्वच्छ लिहिलंय की वाफ श्वासात घेऊ नका, खेळती हवा ठेवा. ही ओळ बाटलीवर का नाही? बाटलीवर हिरव्या अक्षरांना जागा आहे की!

मग हिशोब केला, चुकत असेन तर सांगा. ९.३ पीपीबी म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण ३८ मायक्रोग्रॅम पेंटेनडायोन. माझं स्वयंपाकघर धरू २० घनमीटर, म्हणजे सगळ्या खोलीत मिळून पाऊण मिलीग्रॅम झालं की मर्यादा गाठली. १ मिली इसेन्समध्ये १ टक्का धरलं तर १० मिलीग्रॅम, म्हणजे सगळं एकदम उडालं आणि खिडक्या बंद असल्या तर मर्यादेच्या तेरापट. आणि मी त्या दिवशी १ मिली नाही, अंदाजे चमचाभर ओतलं होतं. पण थांबा, लगेच बाटली फेकू नका, ही मर्यादा आहे रोज आठ तास, आठवड्याला चाळीस तास, आख्खी नोकरीभर श्वास घेणाऱ्या माणसासाठी. शिवाय "१ टक्क्यापेक्षा कमी" म्हणजे ०.१ पण असू शकतं. महिन्यातून एकदा पाच मिनिटं भपका लागल्याने कुणाला पॉपकॉर्न लंग होत नसतं. पण जो माणूस घरून ऑर्डर घेतो, रोज वीस वीस बॅच करतो, छोट्या बंद खोलीत, त्याने हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी जरूर करावा. आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा, एवढं तर करता येतं.

"नैसर्गिक बटर फ्लेवर घेते मग" असं जाऊबाई म्हणाल्या. त्यांना म्हटलं, वहिनी, तो डायअसेटिल जिवाणूने बनवला काय आणि कारखान्यात बनवला काय, रेणू तोच, फुप्फुसाला जन्मदाखला दाखवता येत नाही. कॉफी भाजताना तर हे दोन्ही कीटोन आपोआप तयार होतात, कुणी घालत नाही, आणि फ्लेवर घातलेली कॉफी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्येही हा आजार सापडलेला आहे.

आता खाण्याची बाजू, कारण बहुतेकांना तेवढंच विचारायचं असतं. जेक्फा म्हणून एक समिती आहे, एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांची मिळून, १९५६ पासून अन्नातल्या या सगळ्या गोष्टी तपासते. नेहमीची पद्धत अशी की प्राण्यांना वाढत्या डोसमध्ये पदार्थ देतात, ज्या डोसला काहीही वाईट दिसलं नाही तो धरतात, आणि त्याला १०० ने भागतात. दहा प्राणी आणि माणूस यातल्या फरकासाठी, दहा माणसामाणसांतल्या फरकासाठी. येतो तो एडीआय, म्हणजे आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं, किलो वजनामागे.

पण फ्लेवर हजारोंनी आहेत आणि प्रत्येकावर वर्षानुवर्षं उंदीर पाळणं शक्य नाही, म्हणून फ्लेवरसाठी शॉर्टकट आहे. १९७८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ३३ हो-नाही प्रश्नांचं एक झाड बनवलं, रेणूची रचना बघून त्याला तीनपैकी एका वर्गात टाकायचं, साधा, मधला, संशयास्पद. वर्गाप्रमाणे दिवसाला माणशी १८००, ५४० किंवा ९० मायक्रोग्रॅमची रेघ, त्याच्या आत असेल आणि शरीर त्याला निरुपद्रवी गोष्टींत मोडत असेल तर पुढे जाऊ द्या. हुशार पद्धत आहे, मला आवडली. पण लोक किती खातात ते कसं ठरवायचं? कंपन्यांनी वर्षात एकूण किती वापरलं ते घ्यायचं आणि लोकसंख्येतल्या फक्त १० टक्क्यांनी ते सगळं खाल्लं असं धरून भागायचं. सरासरीचा खेळ हो, जो रोज एकाच ब्रँडची एकच उग्र वासाची गोष्ट खातो तो त्या सरासरीत हरवतो. नंतर जेक्फाने एका पोर्शनमध्ये किती जातं त्यावरून अंदाज काढायची पद्धत पण जोडली, ते बरं केलं. पण या सगळ्यात एक प्रश्न कुठेच येत नाही, तो म्हणजे वाफ नाकात गेली तर. ते या समितीचं कामच नाही. म्हणून "फूड ग्रेड आहे" हे उत्तर खोटं नसतं, फक्त भलत्याच प्रश्नाचं असतं.

आणि अजून एक गोष्ट सापडली जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. बाटलीत वास देणारे पदार्थ असतात चिमूटभर, बाकी बाटली म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ज्यात ते विरघळवलेले असतात. नाव ऐकून दचकू नका, अँटीफ्रीझमधलं जे जीव घेतं ते एथिलीन ग्लायकॉल, हे वेगळं, औषधांतही वापरतात. याचा एडीआय किलो वजनामागे २५ मिलीग्रॅम. मी केकला अर्धा चमचा घालत होते, अडीच मिली, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम ग्लायकॉल, केकचे आठ तुकडे केले तर तुकड्याला सव्वातीनशे मिलीग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोजची मर्यादा १५०० मिलीग्रॅम, तो निवांत. १५ किलोच्या पोराची मर्यादा ३७५, म्हणजे एका तुकड्यात जवळपास संपली, आणि एका तुकड्यावर थांबणारं पोर मी तरी अजून पाहिलं नाही. भट्टीत थोडं उडत असेल, आणि एक दिवस मर्यादा ओलांडली म्हणून काही होत नाही, ती मर्यादा रोजच्यासाठी असते. पण गंमत बघा, आम्ही सगळे ज्या केमिकलला घाबरत होतो ते मिलीग्रॅममध्ये, आणि ज्याचं नाव लेबलवर सगळ्यात पहिलं आहे ते ग्रॅममध्ये. मग लेबल नीट वाचलं तर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, किलोभर मिश्रणाला १ ते २ मिली. माझं मिश्रण अर्धा किलोचं होतं. म्हणजे मी अडीच ते पाचपट घालत होते आणि कुणी काही बोललं नाही, कारण मस्त वास येत होता. भोकवालं झाकण इथे नडतं.

बाकीच्या बाटल्यांबद्दल पटकन. व्हॅनिला सगळ्यात निर्धास्त. आत व्हॅनिलिन आणि एथिल व्हॅनिलिन, पहिल्याचा एडीआय किलोमागे १० मिलीग्रॅम, दुसऱ्याचा ३, एवढं घातलं तर केक कडूच लागेल. व्हॅनिलिन कारखान्यात बनवायला १८७४ मध्येच सुरुवात झालीये, त्यामुळे हे काही कालचं पोर नाही. व्हॅनिलाच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते कूमरिनवर, टोंका नावाच्या बियांत असतं, वास व्हॅनिलाच्या जवळचा आणि स्वस्त पडतं, यकृताला त्रास देतं म्हणून अमेरिकेने १९५४ मध्येच अन्नात घालायला बंदी केली. माझ्या शीटमध्ये ते नव्हतं.

बनाना म्हणजे आयसोअमाइल असिटेट, वास अगदी गोळ्यांसारखा, खाण्याला काही प्रॉब्लेम नाही. एक भारी गोष्ट, मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना "या, हल्ला करा" सांगायला जे रसायन सोडते त्यात मुख्य हेच असतं. तेव्हा पोळ्याजवळ बसून बनाना केक बनवू नका, बाकी मजेत.

आल्मंडवर लोकांनी सगळ्यात जास्त तक्रारी केल्यात की कृत्रिम आहे, आणि नेमकं इथेच मी कृत्रिमच्या बाजूने आहे. कडू बदामाचा वास म्हणजे बेन्झाल्डिहाइड, पण कडू बदामात ते ज्या पदार्थातून सुटतं त्याच पदार्थातून हायड्रोजन सायनाइडही सुटतं. नैसर्गिक तेलातून ते मुद्दाम काढावं लागतं. टोल्युइन नावाच्या पेट्रोलियममधून मिळणाऱ्या द्रवापासून बनवलेल्यात सायनाइडचा प्रश्नच येत नाही. कृत्रिम-नैसर्गिकच्या या घोळाचंच अजून एक उदाहरण, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, कृत्रिम फ्लेवरच्या यादीतून सात पदार्थ काढले, त्यातले सहा १९५८ च्या एका कलमामुळे, जे म्हणतं की प्राण्यांत कितीही मोठ्या डोसला कॅन्सर दिसला तरी तो पदार्थ नको. एफडीए स्वतःच म्हणाली की वापरतात तेवढ्या प्रमाणात धोका नाही, पण कायदा तो कायदा. आणि त्यातलं मिथाइल युजेनॉल बेझिलच्या पानात आहे, मिरसीन बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांत आहे, ते तसेच चालू.

तर सेट परत केला नाही. व्हॅनिला, आल्मंड आणि बनाना चालू आहेत. बटरवाला गरम तेलात, गरम पातेल्यात कधीच नाही, पॉपकॉर्न झाले की गॅस बंद, पाच मिनिटं थांबायचं आणि हवंच असेल तर खरं लोणी. केकला घालते, थंड मिश्रणात, एक्झॉस्ट फॅन लावून, आणि भट्टी उघडताना तोंड बाजूला. मेडिकलमधून १ मिलीची बिनसुईची सिरिंज आणलीये, अर्धा किलो मिश्रणाला पाऊण मिली, बरोब्बर. पहिल्या वेळी घरात कुणाला सांगितलं नव्हतं की कमी घातलंय, कुणाला कळलं पण नाही.

कंपनीला चौथा मेल केलाय की "फ्री" लिहिता तर ६००-१४-६ चं पण लिहा आणि झाकणाला ड्रॉपर द्या. उत्तर आलंय, "डिअर सर, आपला फीडबॅक मोलाचा आहे."